किटणाखाली

हे वाचता वाचता जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागून एकदा फिरवा, अगदी दात आणि हिरडी जिथं मिळतात तिथून. काहींच्या जिभेला काचेसारखा गुळगुळीत दात लागेल. पुष्कळांच्या जिभेला मात्र एक खरखरीत कड लागेल, शेताच्या बांधासारखी, चार-सहा दातांना मिळून एकच भिंत घातल्यासारखी. हे किटण. दिवसातून दोनदा दात घासणाऱ्यांच्या तोंडातही ते सापडतं आणि त्याच्या जागा ठरलेल्या असतात. जबड्याखालच्या लाळग्रंथींच्या नळ्या जिभेखाली, नेमक्या या दातांच्या मागं उघडतात. कानापुढच्या ग्रंथींच्या नळ्या गालाच्या आतून वरच्या दाढांसमोर उघडतात, म्हणून त्या दाढांच्या गालाकडच्या अंगालाही किटण लवकर चढतं. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेलं असतं. बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर धरतो, तसलाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथं तो थर जिवंत गोष्टीवर चढत असतो.

दात स्वच्छ घासला तरी काही मिनिटांत त्यावर लाळेतल्या प्रथिनांचा एक अदृश्य पापुद्रा बसतो. त्यावर जंतू येऊन चिकटतात, त्यांच्यावर दुसरे जंतू, आणि ते स्वतःभोवती एक चिकट वेष्टण तयार करतात. नख दातावरून ओढलं की जो पांढरट, मऊ गाळ निघतो तो हाच. आम्ही दंतवैद्य त्याला प्लाक म्हणतो. तो मऊ आहे तोवर ब्रशनं जातो. काही दिवस तसाच राहिला, तर लाळेतले क्षार त्यात शिरून तो घट्ट होऊ लागतो आणि दगड झाला की मग तुमचा ब्रश, मंजन, मीठ, लिंबू, कशानंही तो हलत नाही. लिंबू तर चोळूच नका. किटण तसंच राहतं आणि दाताचं वरचं कवच मात्र आम्लानं झिजतं.

हा दगड किती टिकावा? जर्मनीतल्या डालहाइम इथल्या जुन्या मठाच्या दफनभूमीत सापडलेल्या, सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीच्या दातांवरच्या किटणात संशोधकांना निळ्या रंगाचे बारीक कण अडकलेले दिसले. २०१९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. ते कण लॅपिस लॅझुलीचे, म्हणजे त्या काळी अफगाणिस्तानातून येणाऱ्या मौल्यवान निळ्या दगडाचे निघाले. ती बहुधा हस्तलिखितं रंगवत असावी आणि कुंचल्याचं टोक ओठांत धरून ओलं करत असावी. तिच्या कामाची खूण राहिली ती तिच्या किटणात.

या दगडाचं खरं उपद्रवमूल्य त्याच्या कठीणपणात नाही, खरखरीतपणात आहे. पावसाळ्यात गुळगुळीत फरशीपेक्षा ओबडधोबड पायरीवर शेवाळ आधी धरतं. तसा किटणाच्या पाठीवर जिवंत प्लाकचा थर कायम वस्तीला असतो, आणि तो हिरडीला सतत खेटून असतो.

हिरडी दाताला चिकटलेली दिसते, पण दोघांमध्ये एक बारीक चीर असते. निरोगी तोंडात तिची खोली एक ते तीन मिलिमीटर. प्लाक या चिरेत उतरला की शरीर आपली फौज तिथं पाठवतं. रक्तवाहिन्या फुगतात, हिरडी लाल आणि मऊ होते, ब्रश लागला की रक्त येतं. इथवर सगळं परतवता येतं. मात्र सूज लांबली, तर काहींच्या तोंडात ती खाली हाडापर्यंत पोचते. दात हाडात सिमेंटनं बसवलेला नसतो. सुंभानं बाज विणतात तसा असंख्य बारीक तंतूंनी तो हाडाच्या खोबणीत टांगलेला असतो. दाहाच्या रेट्याखाली हे तंतू तुटतात आणि हाड मागं सरतं. लोकांना वाटतं किडे हाड खातात. हाड जंतू खात नाहीत, जंतूंशी लढता लढता आपलंच शरीर ते काढून घेतं. चीर खोल होते, चार, पाच, सात मिलिमीटर, आणि त्या खोबणीत ब्रशचा केस पोचत नाही. तिथं पुन्हा किटण बनतं. हे काळपट असतं, कारण त्यात रक्तातले अंश मिसळलेले असतात. या सगळ्या काळात बहुधा काहीही दुखत नाही, आणि मला या रोगाची सगळ्यात जास्त भीती वाटते ती यामुळं. दाढ किडली तर माणूस रात्री दोन वाजता फोन करतो. हिरडीचा रोगी येतो तो दात हलायला लागल्यावर.

आता ज्या वाक्यासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं, ते सांगते. साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावात माझा दवाखाना आहे. तिथं आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी म्हणतंच, "मॅडम, साफ नका करू. आमच्या सासूबाईंनी केले होते, वर्षात सगळे दात सैल झाले." सांगणारी व्यक्ती खोटं बोलत नसते. सासूबाईंचे दात खरोखरच सैल झालेले असतात. चुकतं ते कारण. वर्षानुवर्षं हाड खाली गेलेलं, हिरडी सुजून फुगलेली आणि दातांना किटणाच्या भिंतीनं एकमेकांशी बांधून ठेवलेलं. ही भिंत काढली की दात पहिल्यांदा स्वतःच्या मुळांवर उभे राहतात, आणि मुळांभोवती हाड किती उरलंय ते उघड होतं. सूज उतरल्यावर हिरडी आक्रसते, दातांमध्ये फटी दिसतात, जीभ सारखी तिथं जाते, गार पाणी झिणझिणतं. घराच्या भिंतीला वाळवी लागलेली असावी आणि वरचं प्लॅस्टर काढल्यावर ती दिसावी, तसं हे आहे. प्लॅस्टर काढणाऱ्यानं वाळवी आणलेली नसते.

मशीननं दात घासले जातात, कवच उडतं, अशीही एक भीती असते. त्या मशीनचा इतिहास इथं कामाचा आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ध्वनिलहरींनी थरथरणारं हे उपकरण दंतवैद्यकात आलं ते दातात खड्डा कोरण्यासाठी. पण नुसत्या थरथरीनं दात कोरला जाईना. टोकाशी कठीण पूड कालवलेलं पाणी सोडावं लागे आणि ती पूड दात कापे. काम फार हळू होई, आणि तेवढ्यात जोरात फिरणारी टर्बाइनची ड्रिल आली. कोरण्यासाठी हे यंत्र बाद झालं. मग लक्षात आलं की पूड न घालता, नुसत्या पाण्यावर, ते किटण छान सोडवतं. आजच्या यंत्राचं टोक सेकंदाला साधारण २५ हजार ते ४५ हजार वेळा थरथरतं. पाणी टोकाला गार ठेवतं आणि सुटलेला गाळ धुऊन नेतं. नीट कोनात, हलक्या हातानं धरलं तर ते दाताचं कवच खरवडत नाही. निष्काळजीपणे टोक रोवलं तर उघड्या मुळावर ओरखडा उठू शकतो, हे मी लपवणार नाही. म्हणूनच हे काम हाताचं आहे, आणि ते करणाऱ्याला घाई असून चालत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. सुश्रुतसंहितेत दंतशर्करा नावाचा विकार आहे, दातांवर मळ साखरेच्या खड्यांसारखा घट्ट होणं. हिरड्यांतून आपोआप रक्त येणं, त्या मऊ पडणं आणि दुर्गंधी सुटणं याला शीताद म्हटलंय. शर्करा काढायला दंतशंकू नावाचं अणकुचीदार हत्यार सांगितलंय, आणि वैद्याला बजावलंय ते हे, की दाताच्या मुळाशी इजा न करता ती काढावी. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगते. एवढ्या जुन्या ग्रंथात किटण काढण्याची सूचना आहे, आणि तिच्याबरोबरच हिरडी सांभाळण्याचीही.

तरीही अनेक शतकं हिरड्यांच्या रोगाचं मूळ नेमकं काय, यावर वाद होता. वय, आहार, रक्तातला दोष, काय काय सांगितलं जाई. याचा निकाल लावणारा एक प्रयोग इतका साधा आहे की आधी कुणाला कसा सुचला नाही याचं नवल वाटतं. १९६५ साली डेन्मार्कच्या ऑर्हुस इथं हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांची बारा माणसं घेतली, बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी. त्यांना सांगितलं, दात घासणं बंद करा. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. सूक्ष्मदर्शकाखाली दातांवरची वस्ती दिवसागणिक बदलत गेलेली दिसली. आधी गोल जंतू होते, मग लांब तंतूंसारखे आले, मग वळवळणारे नागमोडी. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. ना औषध, ना गोळी, ना टॉनिक.

लो तिथं थांबले नाहीत. दात कधीच न घासणाऱ्या माणसाचं पुढं काय होतं? १९७० पासून त्यांनी श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या ४८० पुरुष मजुरांच्या तोंडांची पंधरा वर्षं नोंद ठेवली. या मजुरांना ना ब्रश माहीत होता, ना दंतवैद्य. बहुतेक सगळ्यांच्या दातांवर प्लाक आणि किटण होतं, हिरड्या सुजलेल्या होत्या. पण रोगाची चाल सारखी नव्हती. सुमारे ८ टक्के लोकांत तो झपाट्यानं वाढला, ८१ टक्क्यांत बेताबेतानं, आणि ११ टक्क्यांत हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. पस्तिशीपर्यंत पहिल्या गटात दाताचा आधार सरासरी ९ मिलिमीटर खाली सरकला होता, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात एकाहून कमी. दाताचं मूळ लांब-लांब म्हणजे किती असतं, तर बहुधा पंधरा मिलिमीटरच्या आत. नऊ गेल्यावर उरलं काय?

"आमच्या आजोबांनी कधी ब्रश पाहिला नाही, नव्वदीत ऊस खायचे," असं सांगणाऱ्या प्रत्येकाला मी ही आकडेवारी सांगते. तुमचे आजोबा त्या अकरा टक्क्यांतले असतील. तुम्ही कोणत्या गटात आहात, हे जन्मतः कपाळावर लिहिलेलं नसतं. मोजायला लागतं. आमच्याकडे त्यासाठी मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बोथट सळई असते. हिरडीच्या चिरेत ती हलकेच उतरवायची, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी, आणि आकडा लिहून ठेवायचा. तोंडात नुसतं डोकावून "छान आहे" म्हणणाऱ्यापेक्षा ही सळई फिरवणारा दंतवैद्य शोधा.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट रोगाला झाकून ठेवते, ती म्हणजे मिशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुस्करायची आणि सकाळी उंबऱ्यावर बसून बोटानं दातांवर चोळायची. माझ्या आजीचं बोट तर्जनीच्या टोकाला कायमचं तपकिरी झालं होतं. ती म्हणायची, मिशेरीनं हिरड्या घट्ट होतात. तिला तसं वाटण्याला आधार होता. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळं हिरडी फिकी पडते आणि आत रोग असूनही रक्त कमी येतं. घंटा बांधलेली असते, पण तिची जीभ काढून घेतलेली. टूथपेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारनं १९९२ मध्ये बंदी घातली, पण घरच्या तव्यावर कुणाची बंदी चालत नाही. मिशेरी सोडल्यावर काही आठवड्यांनी हिरड्यांतून जास्त रक्त यायला लागलं, तर घाबरू नका आणि परत मिशेरीकडे वळू नका. ती घंटा पुन्हा वाजायला लागली आहे.

चूळ भरून भागेल का, हा प्रश्न रोजचाच. डेल्फ्टच्या लेवेनहूकनं सप्टेंबर १६८३ च्या पत्रात स्वतःच्या दातांवरच्या गाळात हलणारे जीव पाहिल्याचं कळवलं, हे शाळेत सांगतात. त्यानं पुढं केलेला खटाटोप सांगत नाहीत. त्यानं तोंडात व्हिनेगर धरून पाहिलं. गाळ बाहेर काढून त्यात व्हिनेगर मिसळलं की ते जीव मरत, पण तोंडात नुसतं व्हिनेगर धरलं तर आतले जिवंत राहत. त्याचा निष्कर्ष असा, की व्हिनेगर गाळाच्या आतपर्यंत पोचतच नाही. दुकानातल्या रंगीत माउथवॉशच्या बाटलीपुढं उभं राहिलात की त्याची आठवण ठेवा. आधी गाळ मोडायला हवा.

तो मोडायचा कसा? मऊ केसांचा ब्रश घ्या, आणि केस दातावर सपाट न ठेवता दात-हिरडीच्या सांध्यावर पंचेचाळीस अंशात तिरपे टेका, म्हणजे केसांची टोकं चिरेत शिरतील. तिथल्या तिथं बारीक थरथरवा, मग पुढच्या दोन दातांकडे सरका. ही पद्धत अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे डॉ. चार्ल्स बास यांनी १९४८ मध्ये मांडली. गंमत म्हणजे ते दंतवैद्य नव्हते. मलेरिया आणि आतड्यातल्या कृमींवर उमेदीची वर्षं घालवलेले ते डॉक्टर होते आणि उतारवयात दातांकडे वळले. दोन दातांच्या मधल्या जागेत मात्र कोणताच ब्रश पोचत नाही. तिथं दोरा चालवायचा, किंवा फट मोठी असेल तर बाटली धुण्याच्या ब्रशसारखा पण सुईएवढा बारीक ब्रश. सेफ्टीपिन, टाचणी, काडेपेटीची काडी यांनी हिरडी फाटते, दात स्वच्छ होत नाही.

आणि जिथं रक्त येतं तिथं ब्रश टाळायचा नाही. जवळजवळ प्रत्येक जण हीच चूक करतो. बेसिनमध्ये गुलाबी फेस दिसला की माणूस तो कोपरा वगळून घासतो, मग तिथं गाळ वाढतो, मग आणखी रक्त. हलक्या हातानं, पण नेमकं तिथंच जास्त वेळ घासा. ऑर्हुसच्या बारा जणांचा हिशोब आठवा. पंधरा दिवसांत रक्त थांबलं नाही, तर तिथं ब्रशला न जाणारं काहीतरी आहे असं समजा आणि दाखवायला या.

सगळ्यांनी दर सहा महिन्यांनी दात साफ करून घ्यावेत का? इथं माझं मत माझ्या काही सहव्यावसायिकांना आवडणार नाही. स्कॉटलंड आणि ईशान्य इंग्लंडमधल्या ६३ दवाखान्यांत १,८७७ प्रौढांवर तीन वर्षं केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. हिरड्यांचा गंभीर रोग नसलेल्या या लोकांत सहा महिन्यांनी सफाई करणारे, वर्षानं करणारे आणि ठरवून न करणारे, यांच्या हिरड्यांत काही फरक आढळला नाही. मग स्वीडनच्या कार्लस्टाडमधलं काम आठवतं. पेर अ‍ॅक्सेलसन आणि यान लिंडे यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ३७५ जणांना दर दोन महिन्यांनी, पुढं तीन महिन्यांनी बोलावलं. दर वेळी दात स्वच्छ केलेच, पण त्याआधी घरी कसं घासायचं ते पुन्हा पुन्हा शिकवलं. तीस वर्षांनी पाहिलं तर या लोकांनी वयोगटानुसार सरासरी ०.४ ते १.८ एवढेच दात गमावले होते. मला या दोन्हींत विरोध दिसत नाही. निरोगी तोंडावर नुसतं मशीन फिरवल्यानं फार काही साधत नाही. ज्याला रोग आहे, ज्याच्या खोबणी खोल आहेत, जो तंबाखू सोडू शकलेला नाही किंवा ज्याला मधुमेह आहे, त्याला सहा महिनेसुद्धा लांब पडतात. अशा माणसाला मी तीन महिन्यांनी बोलावते, आणि खोल खोबणी असतील तर भूल देऊन मुळापर्यंत साफ करते.

मधुमेहाचं थोडं वेगळं सांगायला हवं. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा रोग जोर धरतो, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. उलटही खरं आहे, हे कमी जणांना. हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत रक्तातल्या साखरेची मागच्या काही महिन्यांतली पातळी दाखवणारं एचबीएवनसी सरासरी ०.४ टक्क्यांनी उतरतं असं अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात दिसलंय. आकडा छोटा वाटतो, पण साखरेच्या डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हृदयाची झडप बदललेली असेल, पेसमेकर असेल, तर दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्याआधी ते सांगा. दिवस गेलेल्या बाईच्या हिरड्या संप्रेरकांमुळं सहज सुजतात. "बाळंतपणानंतर बघू" म्हणून थांबू नका, चौथ्या ते सहाव्या महिन्यात सफाई निर्धास्त करून घेता येते.

मागच्या वर्षी एक मावशी आल्या होत्या. वय साठीच्या आसपास, बोलताना पदर तोंडावर. खालचे पुढचे चार दात किटणात गाडलेले. "काढू नका, पडतील," हे त्याही म्हणाल्या. मी त्यांच्या हातात आरसा दिला, सळईचा आकडा मोठ्यानं वाचला, पाच, सहा, पाच, आणि क्ष-किरणाच्या चित्रात हाड कुठपर्यंत आहे ते बोटानं दाखवलं. हेही आधीच सांगितलं, की सफाईनंतर हे दात थोडे हलतील, मध्ये फटी दिसतील, गार पाणी काही दिवस झोंबेल, आणि गेलेलं हाड परत येणार नाही. त्या बराच वेळ आरशात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आहे तेवढं तरी राहील ना?"

तीन महिन्यांनी आल्या तेव्हा आकडे तीन-चारवर आले होते. मिशेरी अजून पूर्ण सुटली नव्हती, सकाळची एकदा चालू होती. तक्रार एकच. "फटीत भाताचं शीत अडकतंय." मी त्यांना बारीक ब्रश दिला, सगळ्यात लहान मापाचा. पहिल्या फटीत तो शिरेना, तिसऱ्या फटीत शिरला. त्यांनी तो दोनदा आत-बाहेर केला, बाहेर काढून उजेडात धरला आणि पाहिला. केसांवर पांढरा गाळ होता, लाल काही नव्हतं.